लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांचा फावला वेळ : सोलापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

भारतातील मालवाहतुकीचा मोठा हिस्सा रस्त्यावरून होतो आणि त्या वाहतुकीचा कणा म्हणजे लांब पल्ल्याचा ट्रकचालक होय. या चालकाविषयी समाजात दोन परस्परविरोधी समजुती रूढ आहेत. एका समजुतीनुसार तो रात्रंदिवस गाडी चालवितो व त्याला क्षणाचीही उसंत नसते. दुसऱ्या समजुतीनुसार तो बहुतेक वेळ ढाब्यावरील खाटेवर लोळत असतो आणि त्याच्याइतका रिकामा माणूस दुसरा नसतो. सोलापूर शहराच्या नाक्यांवरून दररोज महाविद्यालयात जाणाऱ्या कोणाही प्राध्यापकास ट्रकच्या सावलीत सतरंजी टाकून पडलेले, पत्ते खेळणारे किंवा मोबाइल पाहत बसलेले चालक दिसतात. त्यामुळे दुसरी समजूत अधिक खरी वाटू लागते.

दोन्ही समजुतींत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. चालकाला चाकामागे घालवावे लागणारे तास खरोखरच अधिक असतात व त्याच्या वाट्याला येणारे रिकामे तासही कमी नसतात. मात्र हे रिकामे तास त्याच्या मालकीचे नसतात. प्रस्तुत लेखात ट्रकचालकाच्या रिकाम्या वेळेचे स्वरूप, तो वेळ ‘फावला’ का ठरत नाही याची कारणे, यासंबंधीच्या कायदेशीर तरतुदी आणि शक्य असलेले उपाय यांचा सोलापूरच्या संदर्भात विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

फावल्या वेळेची संकल्पना

समाजशास्त्रात फावल्या वेळेचा विचार साधारणतः श्रमाच्या संदर्भात केला जातो. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मधील आपल्या ग्रंथात फावला वेळ हे वरिष्ठ वर्गाच्या प्रतिष्ठेचे लक्षण कसे बनते, हे दाखविले. पुढे १९६२ मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ जोफ्र दुमाझदिए यांनी फावल्या वेळेची तीन कार्ये सांगितली : थकवा घालविणे, मन रमविणे आणि व्यक्तिमत्त्वाचा विकास साधणे. यांपैकी पहिले कार्य झोपेने व विश्रांतीने काही अंशी साधते. उरलेल्या दोन कार्यांसाठी मात्र निव्वळ मोकळे तास पुरेसे नसतात.

मराठी भाषेने हा भेद फार पूर्वीपासून जपला आहे. ‘रिकामा वेळ’, ‘सवड’, ‘फावला वेळ’ आणि ‘विरंगुळा’ हे शब्द समानार्थी नाहीत. काम नसले की वेळ रिकामा होतो. सवड मात्र काढावी लागते, म्हणजे तिच्यात माणसाची इच्छा गृहीत असते. वेळ फावतो तेव्हा तो आपल्या हाती लागलेला असतो आणि विरंगुळ्यात मन कामाच्या ओझ्यापासून दूर जाते. याशिवाय ‘खोळंबा’ असाही एक शब्द आहे. खोळंब्यात माणूस रिकामा असतो, पण मोकळा नसतो. ट्रकचालकाच्या जीवनाचे वर्णन करण्यास हाच शब्द सर्वांत उपयुक्त आहे.

या विवेचनावरून रिकामा वेळ फावला ठरण्यासाठी तीन अटी सांगता येतील. पहिली अट अशी की, तो वेळ केव्हा संपणार हे माणसाला आधी ठाऊक असले पाहिजे. दुसरी अट अशी की, त्या वेळेपुरती कामाची जबाबदारी त्याच्या खांद्यावरून उतरलेली असली पाहिजे. तिसरी अट अशी की, त्या वेळेचा उपयोग करण्यास योग्य जागा व हवी ती सोबत त्याला मिळाली पाहिजे. पुढील विवेचन या तीन अटींच्या आधारे केले आहे.

सोलापूर : गिरणीच्या भोंग्यापासून महामार्गापर्यंत

सोलापूरच्या श्रमजीवनाचा इतिहास वेळेच्या शिस्तीशी जोडलेला आहे. १८७७ मध्ये येथे पहिली मोठी कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे गिरण्यांच्या भोंग्यावर शहराचे घड्याळ चालू लागले. भोंग्याची शिस्त कठोर होती, कामाचे तास दीर्घ होते. परंतु भोंगा जसा काम सुरू झाल्याचे सांगत असे, तसाच तो काम संपल्याचेही सांगत असे. पाळी संपल्यावरचा वेळ कामगाराचा असे. तालमी, भजनी मंडळे, उत्सवातील मेळे, वाचनालये आणि कामगार संघटनांच्या सभा यांना या निश्चित वेळेमुळे आधार मिळाला.

महाराष्ट्रातील कामगार चळवळीने वेळेच्या प्रश्नाचे महत्त्व आरंभीच ओळखले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळू लागली. ही मागणी केवळ विश्रांतीची नव्हती. कुटुंबासाठी व समाजकार्यासाठी कामगाराला आपला असा एक दिवस असावा, असा विचार तिच्यामागे होता.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सोलापुरातील जुन्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या. यंत्रमाग, टॉवेल व चादरीचे उत्पादन टिकून राहिले, तर सिमेंट, साखर आणि शेतमालाच्या व्यापारामुळे वाहतुकीचे महत्त्व वाढत गेले. महामार्गांच्या जुन्या क्रमांकांनुसार पुणे-हैदराबाद मार्ग क्रमांक ९, विजापूरकडे जाणारा क्रमांक १३ आणि धुळ्याकडे जाणारा क्रमांक २११ हे मार्ग सोलापुरात एकत्र येत. आजच्या क्रमांकानुसार पुणे-हैदराबाद मार्ग ६५ आहे, तर तुळजापूर व विजयपूर या दोन्ही दिशांना जाणारा मार्ग ५२ आहे. शिवाय रत्नागिरी-कोल्हापूरकडून येणारा मार्ग १६६ येथेच मिळतो. मुंबई येथून सुमारे ४०० किलोमीटरवर व हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन्ही वाहतुकींच्या छेदबिंदूवर असल्यामुळे येथे स्थानिक चालकांबरोबर परप्रांतीय चालकही मोठ्या संख्येने थांबतात.

अशा रीतीने शहराच्या श्रमजीवनात एक मूलगामी बदल झाला. भोंग्याने बांधलेल्या कामाची जागा मोठ्या प्रमाणावर अशा कामाने घेतली, ज्याच्या आरंभाची व शेवटाची वेळ कोणीच सांगत नाही.

एका फेरीतील वेळेची विभागणी

हा मुद्दा स्पष्ट होण्यासाठी सोलापूरच्या बाजार समितीतून बेंगळुरूस कांदा नेणाऱ्या ट्रकचे एक कल्पित उदाहरण घेता येईल. अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे. चालकाने सकाळी ११ वाजता आवारात गाडी लावली असे मानू. लिलाव, पोती भरणे, हमालांचा नंबर लागणे आणि गाडी भरणे यांत संध्याकाळचे ६ वाजतात. ताडपत्री ओढून दोर बांधणे, वजनकाटा आणि कागदपत्रे यांत आणखी दोन तास जातात. रात्री ८ वाजता निघालेली भरलेली गाडी ताशी सरासरी ४० किलोमीटर वेगाने गेल्यास चाकामागे १५ तास लागतात. जेवण, चहा, डिझेल व डुलकी यांसाठी ४ तास धरल्यास ती दुसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजता शहराच्या वेशीवर पोहोचते. जड वाहनांना दिवसा प्रवेश नसल्याने ती रात्रीपर्यंत बाहेर थांबते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजता रिकामी होते.

या संपूर्ण फेरीचे ४६ तास होतात. त्यांपैकी १५ तास वाहन चालविण्यात, २ तास पूरक कामात, ४ तास वाटेतील थांब्यांत आणि २५ तास केवळ वाट पाहण्यात गेले. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळ चालक ‘रिकामा’ होता. परतीचे भाडे मिळेपर्यंत एक-दोन दिवस थांबावे लागल्यास हे प्रमाण आणखी वाढते. ढाब्यावर लोळणारा चालक पाहून होणारा समज येथून जन्म घेतो.

आता उपर्युक्त तीन अटी या २५ तासांना लावून पाहाव्यात. हमालांचा नंबर केव्हा लागेल हे चालकास ठाऊक नसते. दहा मिनिटांत गाडी पुढे घेण्याची हाक येईल किंवा चार तासही येणार नाही. त्यामुळे पहिली अट पूर्ण होत नाही. गाडीतील माल, डिझेल, सुटे चाक, बॅटरी आणि ताडपत्री यांची राखण त्याच्यावरच असते. चोरी झाल्यास भुर्दंड त्याच्या भत्त्यातून जाण्याची भीती असते. तो गाडी सोडून दूर जाऊ शकत नाही. झोपतो तोही केबिनमध्ये, अर्ध्या सावध अवस्थेत. म्हणून दुसरी अटही पूर्ण होत नाही. तिसऱ्या अटीविषयी तर फारसे सांगावयास नको. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा तापलेल्या केबिनमध्ये किंवा गाडीखालच्या सावलीत पडून राहणे हाच पर्याय उरतो. कुटुंब शेकडो किलोमीटर दूर असते.

विरोधाभास असा की, वाट पाहण्यात गेलेल्या वेळेची भरपाई पुन्हा चाकामागेच करावी लागते. दिवसभर आवारात खोळंबलेला चालक रात्री ताजातवाना असेल असे गृहीत धरले जाते आणि सकाळचा बाजार गाठण्यासाठी त्याला रात्रभर गाडी हाकावी लागते. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये देशातील दहा वाहतूक केंद्रांवरील एक हजाराहून अधिक चालकांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. चालक दिवसाचे सरासरी सुमारे १२ तास गाडी चालवितात आणि थकवा वा झोप आलेली असतानाही गाडी चालवीत राहणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे, असे त्यातून पुढे आले. फावल्या वेळेचा प्रश्न हा केवळ चालकाच्या सुखाचा प्रश्न नाही. रस्त्यावरील प्रत्येकाच्या सुरक्षिततेशी त्याचा संबंध आहे.

विरंगुळ्याचे प्रचलित मार्ग

प्रतिकूल परिस्थितीतही चालक आपला विरंगुळा शोधतात. एके काळी केबिनमधील टेपरेकॉर्डर हा प्रवासाचा सोबती होता; आता ती जागा मोबाइलने घेतली आहे. मोबाइलमुळे घरच्यांशी रोज बोलता येते, मुलांचे चेहरे पाहता येतात, हा मोठा लाभ होय. परंतु त्याच मोबाइलवर मालक, एजंट व व्यापारी यांचेही फोन येतात आणि गाडी कोठे पोहोचली याची विचारणा होते. पूर्वी ढाब्यावरील दोन तास निदान विचारपूस करणाऱ्यांपासून मुक्त असत. तेही आता राहिले नाहीत.

स्वयंपाक हा आणखी एक विरंगुळा होय. अनेक चालक गाडीत स्टोव्ह, पीठ, तिखट-मीठ बाळगतात. यात काटकसरीचा हेतू असतोच. तथापि आपल्या चवीचे अन्न आपल्या हाताने करून सोबत्यांबरोबर खाणे यात घरपणाचा अनुभवही असतो. सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू बोलणाऱ्यांचे शहर असल्यामुळे येथील चालकास दक्षिणेकडील मार्गांवर भाषेची अडचण कमी येते व थांब्यावर ओळखी लवकर होतात. नळदुर्ग-उमरगा किंवा मोहोळ-टेंभुर्णीकडील ठरावीक ढाब्यांवर ठरावीक गाड्या थांबतात. तेथे भाड्याच्या दराची, रस्त्याच्या स्थितीची व गावाकडची वार्ता मिळते. या गप्पांना दुय्यम मानता येणार नाही. विखुरलेल्या व्यवसायात बंधुभाव टिकविण्याचे ते एकमेव साधन आहे.

वार्षिक सुट्टीचे स्थान सणांनी घेतले आहे. खंडेनवमी व दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूच्या माळा घालून तिची पूजा होते आणि निदान त्या दिवशी शक्यतो चाक फिरत नाही. गावची जत्रा, आषाढी वारी व संक्रांतीच्या वेळची सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा यांच्या सुमारास घरी पोहोचता येईल अशी फेरी मिळविण्याचा प्रयत्न केला जातो. परंतु संक्रांतीचा काळ हाच सोलापूरच्या बाजारात कांद्याची आवक मोठी असण्याचा आणि उसाच्या गाळपाचा काळ असतो. व्यवसायाचा हंगाम आणि उत्सवाचा हंगाम एकच असल्याने चालकास उत्पन्न किंवा उत्सव यांपैकी एकाची निवड करावी लागते.

घरी मिळालेले दिवसही सर्वस्वी फावले नसतात. गाडीची दुरुस्ती, परवाना व विम्याची कामे, बँक, लग्नकार्ये आणि साठलेली झोप यांत ते सरतात. पत्नीने एकटीने चालविलेल्या संसारात तो काही दिवसांचा पाहुणा ठरतो. मुलांच्या शाळेतील कार्यक्रमास वडील कधी येऊ शकले नाहीत, ही तक्रार अशा कुटुंबांत नवी नाही.

येथे अभ्यासकांच्या दृष्टिकोनाविषयीही एक नोंद आवश्यक आहे. १९९० च्या दशकापासून ट्रकचालकांच्या रिकाम्या वेळेकडे प्रामुख्याने एड्स नियंत्रणाच्या संदर्भात पाहिले गेले. त्या कार्याचे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मोल निर्विवाद आहे. मात्र त्यामुळे चालकाचा मोकळा वेळ म्हणजे धोक्याचा वेळ, असे समीकरण रूढ झाले. तोच वेळ हक्काचा व माणूसपणाचा असू शकतो, ही बाजू मागे पडली.

कायद्यातील तरतुदी

चालकांच्या वेळेसंबंधी भारतात कायदा नव्हता असे नाही. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ नुसार प्रौढ कामगारास दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. लांब पल्ल्याच्या मार्गांवर परवानगीने ती अनुक्रमे १० व ५४ तासांपर्यंत नेता येत असे. सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग ९ तासांची विश्रांती व साप्ताहिक सुट्टी यांची तरतूद होती. रात्री थांबावे लागणाऱ्या ठिकाणी मालकाने विश्रांतिगृह पुरवावे, असेही त्यात म्हटले होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नेही कामाच्या तासांबाबत याच कायद्याचा आधार घेतला.

तरीही प्रत्यक्षात बदल झाला नाही, याची तीन कारणे दिसतात. पहिले कारण, हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता. ट्रक व्यवसायात एक-दोन गाड्यांचे मालक आणि स्वतःच गाडी चालविणारे मालक यांचे प्राबल्य असल्याने असंख्य चालक त्याच्या कक्षेबाहेर राहिले. दुसरे कारण, वेतन तासांवर नसून फेरीवर असते. फेरी लवकर संपविण्यातच चालकाचा आर्थिक लाभ असल्याने विश्रांती हे त्याला स्वतःचेच नुकसान वाटते. तिसरे कारण कामाच्या तासांच्या व्याख्येत आहे. प्रत्यक्ष धावण्याचा वेळ, पूरक कामाचा वेळ आणि स्थानकावरील पंधरा मिनिटांपेक्षा कमी असलेली नुसती हजेरी यांचा कामाच्या तासांत स्पष्ट उल्लेख होता. याचा व्यत्यास असा लावता येतो की, पंधरा मिनिटांहून अधिक काळ नुसते ताटकळणे हे काम नव्हे. ज्या २५ तासांची चर्चा वर केली, ते या अर्थाने कामही ठरत नाहीत आणि अनुभवाच्या दृष्टीने विश्रांतीही ठरत नाहीत.

१९६१ चा हा कायदा व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला असून चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. नव्या संहितेत मोटार परिवहन उपक्रमासाठी किमान कामगारसंख्या दहा ठरविली आहे. म्हणजे आठ तासांचे तत्त्व कायम असले, तरी छोट्या मालकांकडील चालकांच्या बाबतीत कायद्याचे छत्र अधिकच आखूड झाले आहे.

वाचलेला वेळ कोठे गेला?

गेल्या दशकात रस्त्यावरील खोळंबा कमी करणारे अनेक बदल झाले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमांवरील विक्रीकर तपासणी नाके गेले. जकात नाक्यांवरील रांगा इतिहासजमा झाल्या. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग अनिवार्य झाल्याने सावळेश्वर, वरवडे यांसारख्या टोलनाक्यांवरील थांबाही कमी झाला. पुणे-सोलापूर मार्ग चौपदरी झाल्याने प्रवास जलद झाला.

प्रश्न असा की, हे वाचलेले तास चालकाच्या पदरात पडले काय? मोबदला फेरीवर असल्याने वाचलेला वेळ पुढच्या फेरीत गेला. पूर्वी राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असणे नियमाने अपेक्षित होते. २०१८ मधील दुरुस्तीने ती अट शिथिल झाली. क्लीनरची परंपराही अनेक गाड्यांवर खर्चामुळे संपुष्टात आली. परिणामी चालक एकटा पडला आणि त्याच्याऐवजी गाडी राखणारा दुसरा माणूस उरला नाही. रस्ता सुधारला, पण सोबत गेली.

एक तुलना येथे उद्बोधक ठरेल. १ जानेवारी २०२१ पासून ई-वे बिलाची वैधता सर्वसाधारण मालासाठी २०० किलोमीटरमागे एक दिवस अशी आहे. ताज्या भाजीपाल्यास हे बिल लागत नाही, पण सोलापूरहून बेंगळुरूस चादरी व टॉवेल नेणाऱ्या गाडीस शासन ६०० किलोमीटरसाठी तीन दिवस देते. व्यवहारात मात्र तीच गाडी दुसऱ्याच दिवशी पोहोचावी अशी अपेक्षा असते. म्हणजे घाई कायद्याने लादलेली नाही. ती भाड्याच्या स्पर्धेतून आणि चढ-उतारात वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईतून निर्माण झालेली आहे.

तुलनात्मक दृष्टी

सोलापुरातच या प्रश्नाचे वेगळे उत्तर पाहावयास मिळते. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय आहे. मालगाडी कितीही दूर जाणार असली तरी तिचा लोको पायलट ठरावीक टप्प्यानंतर उतरतो व दुसरा चढतो. उतरलेला कर्मचारी रनिंग रूममध्ये विश्रांती घेतो आणि त्या काळात गाडीची राखण त्याच्याकडे नसते. एस.टी.च्या चालकालाही मुक्कामाच्या फेरीत गाडी आगारात लावून मोकळे होता येते. सुविधा कमी-अधिक असतील, परंतु तत्त्व स्पष्ट आहे. लोखंडी रुळांवरून आणि डांबरी रस्त्यावरून जाणारा माल एकच असला, तरी वेळेवरील हक्क मात्र भिन्न आहे.

युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार साडेचार तास वाहन चालविल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते. साप्ताहिक नियमित विश्रांती ४५ तासांची असते आणि ऑगस्ट २०२० पासून ती केबिनमध्ये घेण्यास स्पष्ट मनाई आहे. याहूनही महत्त्वाची तरतूद २००२ च्या निर्देशात आहे. माल चढविण्या-उतरविण्यासाठी किती वेळ थांबावे लागेल हे चालकास आधी कळलेले नसेल, तर तो थांबा कामाच्या वेळेत मोजला जातो. अनिश्चित प्रतीक्षा ही विश्रांती नव्हे, हे तत्त्व तेथे कायद्याने मान्य केले आहे.

उपाययोजना

उपर्युक्त तीन अटींच्या अनुषंगाने पुढील उपाय सुचविता येतील.

१) निश्चितता : बाजार समित्या, साखर कारखाने, सिमेंट प्रकल्प व औद्योगिक वसाहतींतील गोदामे यांनी गाडी भरण्या-उतरविण्याची वेळ आधी देणारी टोकन पद्धत अवलंबावी. ‘दुपारी ४ वाजता या’ एवढे कळले, तरी मधले चार तास चालकाचे होतात. ठरलेल्या वेळेपलीकडील थांब्यासाठी आकार लावावा व त्याचा निश्चित वाटा गाडीमालकाबरोबर चालकासही मिळावा. प्रतीक्षेची किंमत मोजावी लागली की प्रतीक्षा आपोआप आटोक्यात येईल.

२) जबाबदारीतून मुक्ती : शहराच्या बाहेरील मार्गांवर राखणदार, दिवे व कुंपण असलेले वाहनतळ आवश्यक आहेत. चालकाने गाडी नोंदवून, पावती घेऊन निघून जाता येणे हा त्यातील मर्माचा भाग होय. केवळ मोकळी जागा म्हणजे वाहनतळ नव्हे.

३) जागा : सार्वजनिक तेल कंपन्यांनी पेट्रोल पंपांवर ‘अपना घर’ नावाने चालकांसाठी खाटा, स्नानगृहे व स्वयंपाकाचे ओटे यांची सोय सुरू केली असून २०२५ च्या मध्यापर्यंत अशी साडेतीनशेहून अधिक केंद्रे झाली होती. देशातील महामार्गांचे जाळे पाहता ही सुरुवातच आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व जड ट्रकना वातानुकूलित केबिन अनिवार्य झाली आहे. ही तरतूद स्वागतार्ह असली तरी जुन्या गाड्या अद्याप अनेक वर्षे धावतील. शिवाय थंड केबिन हीदेखील अखेर कामाचीच जागा आहे.

४) चालकबदल पद्धत : २०१४ मध्ये स्थापन झालेल्या रिव्हिगो या कंपनीने काही तासांच्या टप्प्यावर चालक बदलण्याची पद्धत राबविली. गाडी पुढे जाई व चालक दुसरी गाडी घेऊन आपल्या गावी परते. २०२२ मध्ये या कंपनीचा प्रमुख व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सकडे गेला, यावरून ही पद्धत व्यापारी दृष्ट्या सोपी नाही हे दिसते. तथापि मुंबई व हैदराबाद यांच्या दरम्यान असलेले सोलापूर अशा बदलासाठी स्वाभाविक ठिकाण आहे. एक-दोन गाड्यांच्या मालकांनी सहकारी तत्त्वावर एकत्र येऊन हा प्रयोग करणे, सहकाराची परंपरा असलेल्या या जिल्ह्यात अशक्य नाही.

५) मोबदला : मोबदल्याची पद्धत न बदलता केवळ तासांवर मर्यादा घातल्यास चालकाचे उत्पन्न घटेल आणि तोच नियमाला बगल देईल. डोक्यावर साहेब नसलेले काम म्हणून अनेकांना हा व्यवसाय आवडतो, हेही विसरता येत नाही. म्हणून विश्रांतीचा काळ धरून किमान मासिक उत्पन्नाची हमी हा तासांच्या मर्यादेचा अविभाज्य भाग असावा.

महाविद्यालयांनाही या कार्यात वाटा उचलता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी बाजार आवारात व नाक्यांवर चालकांच्या वेळेच्या नोंदी पद्धतशीरपणे घेतल्यास प्रतीक्षेचे खरे मोजमाप प्रथमच उपलब्ध होईल. अशा नोंदी स्थानिक प्रशासन व बाजार समित्यांपुढे ठेवता येतील. वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींचे वडीलच हा व्यवसाय करतात, हे लक्षात घेतल्यास हा विषय परका राहणार नाही.

समारोप

ट्रकचालकाला फावला वेळ मिळत नाही याचे कारण केवळ कामाचे तास जास्त आहेत हे नसून, त्याचे रिकामे तास दुसऱ्याच्या ताब्यात आहेत हे आहे. त्यांचा शेवट व्यापारी, हमाल, एजंट व वाहतूक नियम ठरवितात. राखणीचे ओझे मात्र चालक वाहतो. म्हणून त्याने सवडीचे नियोजन करावे, व्यायाम करावा, वाचन करावे असा उपदेश अपुरा ठरतो. स्वतःच्या हाती नसलेल्या वेळेचे नियोजन कोणालाही करता येत नाही.

१८९० मध्ये गिरणी कामगारांना मिळालेल्या रविवारने वेळेचा एक तुकडा कामगाराच्या नावावर केला. सोलापूरच्या नाक्यावर गाडीच्या सावलीत पडलेल्या चालकाच्या नावावर असा तुकडा अद्याप झालेला नाही. तो व्हावयाचा असेल, तर त्याच्या थांबण्याला विश्रांती म्हणणे प्रथम थांबविले पाहिजे आणि त्या थांबण्याची वेळ, जागा व किंमत निश्चित केली पाहिजे.